चाबूकस्वार कुठे गेला?

मुंबई-पुणे रस्त्यावर लोणावळ्याला चहासाठी थांबलेल्या माणसाला कधीकधी एक उंच, बंद गाडी दिसते. वरच्या अंगाला हवेसाठी फटी असतात आणि एखाद्या फटीतून घोड्याचा ओला, काळसर नाकपुडा बाहेर येतो. लहान मुले ओरडतात, मोठी माणसे 'रेसचे घोडे' म्हणतात आणि गाडी घाटाकडे निघून जाते. मुंबईच्या महालक्ष्मीवर शर्यतींचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याच्या रेसकोर्सवर जुलै ते ऑक्टोबर असा असतो. त्यामुळे पश्चिम भारतात धावणारा बहुतेक प्रत्येक घोडा वर्षातून दोनदा मावळ ओलांडतो. पावसाआधी चढतो, पावसानंतर उतरतो.

त्या गाडीत घोड्याच्या तोंडाशी एक माणूस उभा असतो. घाटाच्या प्रत्येक वळणावर घोड्याच्या मानेवर हात ठेवून तो काहीतरी पुटपुटत असतो. फटीतून तो दिसत नाही. आम्ही आज लिहायला बसलो आहोत ते या माणसाविषयी आणि त्याच्याही आधी त्या घोड्याच्या पाठीवर पहिल्यांदा खोगीर ठेवणाऱ्या दुसऱ्या एका माणसाविषयी.

हा दुसरा माणूस आमच्या घरात होता. आमचे खालू तळेगावला राहत आणि मावळातल्या एका स्टड फार्मवर कामाला जात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत त्यांनी किती शिंगरे फेरली याची मोजदाद त्यांच्याकडेही नव्हती. पण आमच्या खालाजानच्या थोरल्या मुलीची सोयरीक आली तेव्हा पाहुण्यांना सांगण्यात आले, "मुलीचे वडील कंपनीत आहेत." खालू ऐकत बसले होते. काही बोलले नाहीत. नंतर कुणीतरी त्यांची समजूत घातली, "घोड्याचं नाव काढलं की लोकांना जुगार दिसतो, भाईजान."

लोकांचे तरी काय चुकले? शर्यतीवर पैसे लावणे आपल्याकडे नाजायज आहे आणि त्यापायी उद्ध्वस्त झालेली घरे आम्हीही पाहिली आहेत. त्या बाबतीत आमचे दुमत नाही. तक्रार वेगळी आहे. जुगाराची लाज झाकायला आपण जी चादर ओढली तिच्याखाली एक अख्खे कसबही गेले. ते कसब आपल्या पूर्वजांच्या हातांत शतकानुशतके होते आणि त्याच्याविषयी आपल्याच हदीसच्या ग्रंथांत फार मोलाची माहिती आहे, हे आपल्या फारसे ध्यानात नसते.

बुखारी शरीफमध्ये हजरत अब्दुल्ला इब्न उमर यांच्याकडून आलेली एक रिवायत आहे. पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांनी मदिनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या. जे घोडे शर्यतीसाठी तयार केलेले होते त्यांना हफ्या ते सनियतुल विदा ही वाट दिली आणि जे तयार केलेले नव्हते त्यांना सनियतुल विदा ते बनू जुरैकची मशीद एवढीच. पहिले अंतर पाच-सहा मैलांचे, दुसरे अवघ्या मैलाचे. इब्न उमर स्वतः त्या शर्यतीत उतरले होते. आपल्याकडचे मौलवी ही रिवायत सांगतात ती शर्यत जायज की नाजायज हे ठरवण्यासाठी. आम्हांला तिच्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. कच्च्या जनावराला पक्क्या जनावराच्या अंतरावर पळवायचे नाही, हा शर्यतीच्या घोड्याच्या शिक्षणाचा पहिला कायदा तिथे चौदाशे वर्षांपूर्वी पाळलेला दिसतो. या तयारीला अरबीत 'इज्मार' म्हणतात. जुने कोशकार सांगतात त्याप्रमाणे घोड्याला आधी भरपूर चारून अंगावर आणायचे, मग चारा बेताचा करायचा, झुली घालून बंद जागेत घाम काढायचा आणि असे साधारण चाळीस दिवस करून चरबी झडलेला, दमदार घोडा मैदानात आणायचा. गंमत अशी की अठराव्या शतकात इंग्लंडच्या न्यूमार्केटला शर्यतीचे घोडे तयार होत तेही ब्लँकेटे पांघरून, पळवून, घाम काढूनच.

अरबस्तानातून दख्खनमध्ये यायला घोड्याला गलबत लागत असे आणि मग सह्याद्री चढावा लागे. पंधराव्या शतकात, १४७० च्या आसपास, अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी विकायला एकच घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला. 'आमच्या धर्मात ये, घोडा परत देतो' अशी अट घातली. शेवटी एका खुरासानी मुसलमानानेच रदबदली करून निकितिनला त्याचा घोडा आणि त्याचा धर्म दोन्ही राखून दिले. आपल्याच पुणे जिल्ह्यातली ही हकिकत शाळेच्या पुस्तकात असायला हरकत नव्हती. निकितिनने आणखी एक टिपून ठेवले आहे. इथले लोक घोड्याला वाटाण्यासारखे दाणे चारतात, साखर आणि तेल घालून खिचडीही शिजवून घालतात. घोडा परदेशी आणि खुराक देशी, अशी ती रीत होती.

याच बहमनी काळात दख्खनमध्ये संस्कृत शालिहोत्राचे फार्सीत भाषांतर झाले. घोड्याच्या वैद्याला आपण 'सलोत्री' म्हणतो तो याच शालिहोत्राचा घासलेला शब्द. पुढे १७९५ मध्ये सआदत यार खान 'रंगीन' या शायराने फरसनामा लिहिला. रंगीनला उर्दूवाले रेख्तीसाठी ओळखतात, पण गृहस्थ घोडदळात काम केलेला आणि घोड्यांचा व्यापार केलेला होता.

पण खरा फरसनामा आपल्या मराठीतच पडून आहे. लगाम, जीन, खोगीर, रिकीब, तंग, नाल, नालबंद, तोबरा, तबेला, पागा, साईस, स्वार, शिलेदार, बारगीर हे शब्द फार्सी-अरबीतून आले आणि मराठ्यांच्या पागेत मुरून मराठी झाले. वर्तमानपत्रात आपण वाचतो, 'जुन्नरला बिबट्या जेरबंद'. जेरबंद म्हणजे घोड्याने मान फार वर उडवू नये म्हणून छातीखालून तंगापर्यंत बांधायचा पट्टा. घोडा गेला, पट्टा बिबट्याला लागला! 'कावा' म्हणजे लांब दोरीवर घोड्याला गोल फिरवणे, हे नव्या घोड्याचे पहिले शिक्षण. गनिमी काव्यातला कावा हाच असावा असे आमचे मत आहे; भाषाशास्त्रज्ञांनी ते खोडून काढायला हरकत नाही. आणि या सगळ्यांत मानाचा शब्द होता चाबूकस्वार. नव्या घोड्याला फेरून स्वारीलायक करणारा तो चाबूकस्वार. घोडे फेरणे हे त्याचे काम. साईस किंवा मोतद्दार खरारा करी, दाणा-वैरण बघे. चाबूकस्वार घोडा घडवी. मराठ्यांच्या घोडदळाची भिस्त मोठ्या प्रमाणावर भीमेकाठच्या काटक भिमथडी तट्टांवर होती. या भिमथडीला अलीकडे स्वतंत्र देशी जात म्हणून सरकारी नोंद मिळाली. तट्टाची नोंद झाली, ते फेरणाऱ्याची व्हायची आहे.

इंग्रजी अमलात शर्यत आली आणि ती आली अरबी घोड्यावर. एकोणिसाव्या शतकात बसरा, कुवेत आणि इराणी आखातातल्या बंदरांतून घोडे मुंबईला उतरत आणि भेंडीबाजार-भायखळ्याच्या तबेल्यांत विक्रीला उभे राहत. अरब सौदागर तिथे मुक्काम ठोकून असत. पलटणींना घोडे लागत आणि भायखळ्याच्या मैदानावरच्या शर्यतींनाही. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पुण्याच्या रेसकोर्सचे सालही १८३० च सांगितले जाते. घाटातली रेल्वे १८६३ ची. तोपर्यंत मुंबईहून पुण्याला निघालेल्या घोड्याला खंडाळ्याची चढण स्वतःच्याच पायांनी चढणे भाग होते, आणि त्याच्या सोबत्याला त्याच्या बाजूने.

या काळातले एक मोठे घराणे सर्वांना माहीत आहे. पहिले आगाखान हसन अली शाह इराणातून इकडे आले ते घोड्यांचे वेड घेऊनच. मुंबई-पुण्यात त्यांचे शर्यतीचे तबेले होते. त्यांचे नातू तिसरे आगाखान सुलतान मुहंमद शाह यांनी पुण्याला येरवड्याजवळ १८९२ मध्ये बांधलेला वाडा पुढे गांधीजींच्या बंदिवासामुळे प्रसिद्ध झाला. या तिसऱ्या आगाखानांच्या घोड्यांनी इंग्लंडची एप्सम डर्बी पाच वेळा जिंकली: १९३० मध्ये ब्लेनहाइम, १९३५ मध्ये बहराम, १९३६ मध्ये महमूद, १९४८ मध्ये माय लव्ह आणि १९५२ मध्ये तुल्यार. मुसलमान आणि घोडा म्हटले की आपले लेखक या नावांपाशी थांबतात. आम्हीही थांबलो असतो, घरात खालू नसते तर.

दुसऱ्या महायुद्धात बाहेरून घोडे येणे अवघड झाले आणि देशात पैदास केलेल्या घोड्यांना भाव आला. १९४३ मध्ये मुंबईला पहिली इंडियन डर्बी झाली ती अशा देशी पैदाशीसाठीच. बडोद्याच्या महाराजांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल'ने ती जिंकली. पाठीवर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी होता. त्यानंतर पुण्याच्या आसपास स्टड फार्म वाढले. हडपसर, मांजरी ही नावे शर्यतवाल्यांच्या तोंडी बसली आणि मावळात तळेगावजवळ इंद्रायणीकाठी नानोली. लोणावळ्यात घोड्यांची पैदास का नाही, असे आम्ही खालूंना लहानपणी विचारले होते. ते म्हणाले, "अरे, तिथे चार महिने बेडूक पोसतात. घोड्याच्या खुराला कोरडी जमीन लागते." मावळचा पूर्वेकडचा भाग तसा आहे. डोंगर पाऊस अडवतात, गवत येते पण चिखल मुरत नाही, आणि पुण्याचे रेसकोर्स हाकेच्या अंतरावर.

आता खालूंचे काम. शिंगरू जन्मले की तास-दोन तासांत उभे राहते. तेव्हापासूनच त्याला हात लावायचा: कान, मान, पोट आणि रोज चारही पाय. आज पाय उचलू दिला तरच उद्या नालबंदाला देईल. पाच-सहा महिन्यांनी आईपासून तोडायचे. त्या दोन-तीन रात्री फार्मवर कुणाला झोप नसते. एका बाजूने घोड्या आणि दुसऱ्या बाजूने पिल्ले खिंकाळत असतात. खालू त्या दिवसांत घरी येत नसत. मग वर्षभर बरोबरीच्या पिल्लांसोबत मोकळे हुंदडणे, लसूणघास आणि दाणा.

साधारण दीड वर्षाचे झाले की फेरणे सुरू. म्होरकी आधीपासून असतेच, आता तोंडात लगामाची कडी. पहिली कडी वेगळी असते; तिच्या मध्यावर छोट्या पट्ट्या लोंबतात आणि शिंगरू त्यांच्याशी जिभेने खेळत राहते. खेळता खेळता तोंडाला लोखंडाची सवय होते. मग कावा. जितके फेरे उजवीकडून तितकेच डावीकडून, कारण घोडाही माणसासारखा एका हाताचा असतो आणि एकाच बाजूने फिरवला तर तसाच वाकडा वाढतो. मग दोन लांब लगाम लावून मागून चालत त्याला वाटेने न्यायचे. मोटारसायकल, ओढ्यातले पाणी, वाळत घातलेली साडी, सगळे दाखवायचे. मग पाठीवर नुसते कापड. मग तंग.

तंगापाशी खालूंचा आवाज खाली येई. "पोटाला आवळलेलं काही त्याने जन्मात पाहिलेलं नसतं. आज एक भोक, उद्या एक भोक. घाई केलीस की ते तुला जन्मभर माफ करत नाही." त्यानंतर अंगाने हलका पोरगा. आधी तो पाठीवर फक्त आडवा पोटावर पडतो, पोत्यासारखा. रानात घोड्याच्या पाठीवर वरून पडतो तो वाघ. ती भीती त्याच्या रक्तात आहे. पोरगा हळूहळू एक पाय पलीकडे टाकतो, खालू तोंडाशी उभे. एवढ्याला सहा-आठ आठवडे लागत. इंग्रजीत या कामाला घोडा मोडणे अशा अर्थाचा शब्द आहे. खालूंना तो आवडत नसे. "मोडायचं काय त्यात? मनवायचं असतं." ते शिंगराशी मराठीत बोलत, पोराशी आपल्या घरच्या बोलीत आणि साहेबांशी इंग्रजीचे चार शब्द. जनावर साडेचारशे किलोच्या पुढे जाणार, पाठीवरचा माणूस पन्नास किलोचा. जबरदस्तीचा हिशेब तिथे जमतच नाही.

यानंतर शिंगरू रेसकोर्सवर ट्रेनरकडे जाई. तिथे कित्येक महिने नुसते चालणे, दुडकी, मग सावकाश दौड. पहाटे उजाडायच्या आत घोडे ट्रॅकवर येतात. आठवड्यातून एक-दोनदाच जोराचे काम, तेही बेताच्या अंतराचे. स्वस्थ घोड्याचे हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देते, भरधाव असताना दोनशेच्या वर जाते, आणि ट्रेनर बघतो ते परत खाली किती लवकर येते. स्टार्टिंग गेटच्या लोखंडी खणात शिरायला, दार मागून बंद झाले तरी न बिथरायला, घंटेसरशी सुटायला शिकवावे लागते. कित्येक चांगले घोडे पळण्यात नव्हे, या खणात नापास होतात.

खालूंची एक तक्रार मात्र कायमची होती. शर्यतीच्या घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजतात. एप्रिलात जन्मलेले शिंगरू पुढच्या १ जानेवारीला कागदावर वर्षाचे होते, प्रत्यक्षात ते नऊ महिन्यांचेही नसते. त्याच्या बरोबरीला जानेवारीत जन्मलेले. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा त्यांच्या दुधाच्या दातांपैकी पुढची जोडी नुकती पडत असते. गुडघ्याच्या वरची हाडाची वाढ जेमतेम पुरी होत आलेली. घाई झाली की पुढच्या पायांच्या नळ्या धरतात. आज ट्रेनर एक्स-रे काढून बघतात. खालू गुडघ्यावर तळहात ठेवून सांगत, "याला अजून एक पावसाळा द्या." दिला जाईच असे नाही. मालकाचे पैसे अडकलेले असत आणि डर्बी फेब्रुवारीत येऊन उभी राहते. तिथे पळायचे तर चौथ्या वर्षात पाऊल ठेवलेले जनावर लागते आणि त्याआधीचे हंगाम त्याने वाया घालवलेले चालत नाहीत. मदिनेच्या त्या दोन अंतरांची आठवण आम्हांला इथे होते.

मावळच्या शेतकऱ्याला मात्र शर्यतीची घोडी म्हटले की रेसकोर्स आठवत नाही, बैलगाड्याचा घाट आठवतो. आपल्या भागात बैलांच्या पुढे घोडीस्वार पळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा कायम ठेवला. एवढ्या वर्षांच्या वादात बैलाविषयी पुष्कळ बोलले गेले. घोडीविषयी आणि ती तयार करणाऱ्याविषयी आम्ही तरी फारसे वाचले नाही.

खालू निवृत्त झाले तेव्हा हातात एक खरारा आणि उजव्या पायात लंगड एवढेच घेऊन आले. पण रविवारी ते आम्हांला दहा वेळा बजावून रद्दीवाल्याकडून जुनी रेसबुके आणायला पाठवीत. खालाजान चिडायच्या, म्हातारपणी आता जुगाराचा नाद लागला म्हणायच्या. खालूंनी आयुष्यात एक रुपया लावला नव्हता. त्यांची अडचण वेगळी होती. शिंगराला फार्मवर नाव नसते. ते अमक्या घोड्याचे आणि तमक्या घोडीचे पिल्लू म्हणून ओळखले जाते. नाव ठेवतो विकत घेणारा मालक. त्यामुळे आपण फेरलेले कोणते पिल्लू पुढे कोणत्या नावाने पळाले हे खालूंना कळत नसे. रेसबुकात घोड्याच्या नावाखाली बापाचे आणि आईचे नाव छापलेले असते, मालकाचे, ट्रेनरचे, जॉकीचे असते. खालूंना इंग्रजी वाचता येत नसे. आम्ही मोठ्याने वाचत जायचो, बाप अमुक, आई तमुक, रंग तांबूस, आणि ते डोळे मिटून ऐकत असायचे. मध्येच बोट वर करायचे.

"थांब. कपाळावर चांदणी होती बघ याच्या. फार चावायचा. काय नाव ठेवलंय म्हणालास?"